राहतं घर

फोनवरच्या माणसाने आभार मानले, आणि ते कशाबद्दल हे कळायला सर्वेशला जरा वेळच लागला. मारुती मंदिरच्या नाक्यावर भाजीवालीपुढे तो उभा होता, एका हातात पडवळ, दुसऱ्या हातात फोन, आणि पाठीमागे शहर बसचा ड्रायव्हर एका रिक्षावाल्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होता. "संदेश बोलतोय, मुंबईहून," आवाज म्हणाला. "पालीच्या पुढे वरच्या वाडीत घर आहे आमचं. तुम्ही फोन केला होतात ना, काशीकाकीबद्दल?" सर्वेश हो म्हणाला. आपल्याला कोणी आपण होऊन परत फोन करतं याचा त्याला आनंदही झाला, कारण त्याच्या कामात लोक फोन उचलत नाहीत, करणं तर लांबच. "येऊन गेलो मी गेल्या शनिवारी. उभ्या उभ्या आलो आणि गेलो. चावी घेतली काकीकडनं, कुलूप बदललं. आणि देवापुढे एक छोटा बल्ब बसवलाय, काळोख पडला की आपोआप लागतो, उजाडलं की बंद. काकीला तरी या वयात कशाला रोज त्रास? तुम्ही सांगितलंत ते फार बरं झालं हां. नाहीतर आम्हाला कळलंच नसतं." सर्वेशने विचारलं, "आणि ते पत्र?" "पत्राचं जरा राहू दे. वकिलांना विचारलं मी. ते बोलले, राहते असं लिहून दिलंत की उद्या हक्क सांगेल, मग बसा निस्तरत. काकी तशी नाहीये हो, पण तिच्यामागे कोण येईल सांगता येतं का? तुम्ही समजून घ्या. थँक्यू हां, खरंच थँक्यू." फोन बंद झाला. भाजीवाली म्हणाली, "घेतलास तर घे ता पडवळ, नायतर ठेव, मोडून टाकशील." त्याने बघितलं, पडवळ त्याच्या मुठीत वाकलं होतं. त्याने ते घेतलं. पडवळ त्याच्या घरात कोणालाच आवडत नव्हतं.

सर्वेशचं काम दारोदार फिरायचं. मे महिन्यातल्या वादळात ज्यांची घरं मोडली त्यांना दुरुस्तीसाठी अनुदान मिळतं, ही गोष्ट त्यांच्या दारात जाऊन सांगायची, कागद गोळा करून द्यायचे, फोटो काढायचे, अर्ज भरून पुढे पाठवायचा. असं एका संस्थेने काम घेतलं होतं आणि संस्थेने सर्वेशला. पगार बेताचा, पेट्रोल मिळायचं, आणि गळ्यात फोटो असलेलं ओळखपत्र. पण या कामात त्याला जे खरं मिळायचं ते पगारपत्रकात नव्हतं. एखाद्या वाडीत कोणी म्हातारा अर्ज मंजूर झाल्यावर त्याचे दोन्ही हात हातात धरून म्हणायचा, तुमच्यामुळे झालं. ते ऐकलं की सर्वेशच्या मानेपासून कमरेपर्यंत काहीतरी ऊन ऊन उतरायचं, आणि त्या दिवशी तो घरी येऊन बायकोच्या आधी भांडी घासायला घ्यायचा. वाईट माणूस नव्हता तो. फक्त चांगलं म्हणवून घ्यायची त्याला भूक होती, आणि भूक लागलेला माणूस घाई करतो. दुसरं, त्याचा फोनवर फार विश्वास. कुठलंही अडलेलं काम असो, माणसं एकमेकांशी बोलत नाहीत म्हणून अडतं, एक फोन केला की सुटतं, असं तो बेधडक सांगायचा. आणि खरं सांगायचं तर पुष्कळदा सुटायचंही, त्यामुळे त्याची ही समजूत कोणी मोडली नव्हती.

गाडीला पडवळाची पिशवी अडकवून तो घराकडे निघाला तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे काशीकाकीची मूठ होती. चावी असायची त्या मुठीत. पहिल्यांदा तो त्या वाडीत गेला तेव्हा दिवाळी नुकतीच होऊन गेली होती आणि खळ्यांमध्ये भाताच्या पेंढ्याचा वास होता. या वाड्यांमध्ये दाराला घंटी नसते. खळ्यात उभं राहून जरा खाकरायचं, मग विचारायचं, आहे का कोण घरात? आणि मग थांबायचं. थांबता थांबता घर वाचायचं, ही त्याने स्वतः शिकलेली विद्या. तुळशीला पाणी घातलंय का, दोरीवर काय वाळतंय, कौलांतून धूर निघतो की नाही. अर्ध्याअधिक घरांचे बापे मुंबईला असतात, काही घरं पुरी बंदच, आणि बंद घराला अनुदान नाही. नियम काही वेड्याने केलेला नव्हता. मागे एकदा मुंबईत बसल्या बसल्या लोकांनी पडक्या घरांच्या नावावर पैसे उचलले होते, म्हणून आता अट होती की घर राहतं हवं, माणूस तिथे चूल पेटवून राहत असला पाहिजे, आणि वरचे लोक कधीही तपासायला येतील तेव्हाही राहताना दिसला पाहिजे. तर त्या दिवशी सर्वेश एका चांगल्या, चिरेबंदी, नव्या पत्र्याच्या घरापुढे उभा राहून खाकरला आणि पडवीतून एक बाई बाहेर आली. साठीची असेल. काटक, चेहऱ्यावर आधीच कंटाळा. त्याने नेहमीचं सगळं भाषण म्हटलं. तिने ते पूर्ण ऐकून घेतलं, आणि तो दम घ्यायला थांबल्यावर म्हणाली, "ह्या माजं घर नव्हं. मी दिवाबत्तीला येतंय."

कोकणात हे कोणालाही सांगावं लागत नाही. चाकरमानी घराला कुलूप लावून जातात तेव्हा चावी शेजारच्या घरी देतात, आणि शेजारची बाई रोज तिन्हीसांजेला ते कुलूप काढून आत जाते, देवापुढे दिवा लावते, उंबऱ्यावर एक उदबत्ती खोवते आणि परत कुलूप घालते. पैसे घेत नाही. देव काळोखात राहू नयेत एवढंच. सर्वेशने मान हलवली, आणि तिचं घर कुठलं ते विचारलं. तिने हनुवटीने दाखवलं. खाली, दगडांच्या गडग्यापलीकडे, एक मातीच्या भिंतींचं घर होतं, त्याचं अर्धं छप्पर आंब्याच्या फांदीने खाली बसवलेलं, वर निळी ताडपत्री. आणि तेव्हाच सर्वेशच्या त्या घर वाचणाऱ्या डोळ्यांना दिसलं की दोरीवर सुकत असलेलं लुगडं इथे आहे, पडवीच्या कोपऱ्यात वळकटी इथे आहे, आणि कोंबड्यांचं झाकलेलं खुराडं इथे आहे. खालच्या घराच्या दारात गवत वाढलं होतं, मधून जेमतेम एक पायवाट.

"काकी, तुम्ही इथेच राहता ना?" त्याने विचारलं. ती एकदम बसली. उभ्या उभ्याच्या ज्या काही ऐटी होत्या त्या गेल्या. "आत नाय ऱ्हात मी," ती म्हणाली. "पडवीत निजतंय. आत फकस्त देवाजवल जातंय, तां पन पाय धुवून. चूल पन हितं नाय मांडली. जेवान खाली करतंय, आमच्या चुलीवर, नि वर येतंय. सगुणानं मरताना चावी माज्या हातात दिलान, काशी, माज्या देवांस्नी काळोख नको. तवापासून एक दीस चुकला नाय माजा." मग तिने जे सांगितलं ते तिला सांगायचं नव्हतं, पण एकदा धागा सुटला की वीणच उसवते. गणपतीला सगुणाचा मुलगा संदेश बायकामुलांसकट आला होता. ते यायच्या आधी तिने वळकटी आणि खुराडं खाली नेलं, पडवी शेणाने सारवली, आपला वासही राहू नये म्हणून. ते होते तितके दिवस ती खाली ताडपत्रीखाली राहिली, भर पावसात, एका कोपऱ्यात घमेलं लावून. ते गेले, पुन्हा वर आली. "तुमी मुंबयला कलवू नका," ती म्हणाली. "माजं काय ता असंल, नसंल. पन कलवू नका. चोरासारकं वाटतंय माला."

कळवू नका. हे शब्द सर्वेशने ऐकले नव्हते असं नाही. ट्रॅफिकमध्ये जेल नाक्याच्या चढावर गाडी बंद पडली तेव्हा ते त्याला जसेच्या तसे ऐकू आले, तिच्या दातातल्या फटीतून येणाऱ्या वाऱ्यासकट. पाठीमागचा मोटारवाला हॉर्न वाजवत राहिला. ऐकले होते, पण त्याला ते बावळटपणाचे वाटले होते. बिचारी, उगाच घाबरते, असं वाटलं होतं. ऑफिसात साहेबांना त्याने सगळं सांगितलं तेव्हा साहेब म्हणाले, तिचं घर मोडलंय म्हणून ती तात्पुरती दुसरीकडे राहतेय, असं त्या दुसऱ्या घरमालकाने लिहून दिलं तर आपण तिचं घर राहतं धरू शकतो. सर्वेशच्या अंगात वारं शिरलं. एक फोन! त्याने वाडीतल्याच कोणाकडून संदेशचा नंबर मिळवला आणि जेवायच्या सुट्टीत डबा उघडायच्या आधी लावला. संदेश किती गोड बोलला. काशीकाकी? अहो ती आमच्या घरचीच. आईची जिवाची. लहानपणी आम्हाला तिनेच खेळवलं. देतो की लिहून, त्यात काय. मग जरा थांबून म्हणाला, "कधीपासून राहते म्हणालात?" आणि सर्वेशने, ज्याला कोणी काही विचारलं की पूर्ण उत्तर द्यायची सवय होती, सांगून टाकलं, "वादळापासनंच. पावसाळाभर." पलीकडे शांतता झाली. ती शांतता सर्वेशला आता ऐकू येत होती. तेव्हा त्याला वाटलं होतं, भला माणूस, गहिवरला असेल. तो डबा उघडून जेवला होता आणि त्यातल्या बांगड्याचं तिखलं फार चांगलं झालंय असं त्याने बायकोला, रुपालीला, मेसेज करून कळवलं होतं.

रुपालीने पडवळ बघितलं आणि त्याच्याकडे बघितलं. ती एका दवाखान्यात नावं नोंदवायच्या टेबलावर बसायची, दिवसभर माणसांचे चेहरे बघून तिला घरी आल्यावर फारसं विचारायची गरज उरत नसे. त्याने सांगितलं. सांगताना त्याने शब्द जरा इकडचे तिकडे केले, संदेशला थोडा जास्त लबाड केला, साहेबांना थोडं जास्त आग्रही. रुपाली पडवळ चिरत होती. "तिने नको सांगितलं होतं ना तुला?" तिने विचारलं. "हो, पण तिला कळत नव्हतं गं, पत्राशिवाय तिला मिळणारच नव्हतं काही." "मग तिला सांगायचंस, की मिळणार नाही. ती बघून घेती." "म्हणजे मी काही करायचंच नाही?" रुपालीने विळी उभी केली. "सर्वेश, तुला सगळ्यांचं बरं करायची हौस आहे. हौस वाईट नाही. पण कोणाचं करतोयस ते विचारत जा एकदा." तो गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीत सगळ्या खिडक्यांना उजेड होता, आणि कुठेतरी टीव्हीवर हसण्याचा आवाज. त्याला राग आला रुपालीचा. मग राग आला संदेशचा, पण तो फार वेळ टिकेना, कारण संदेशच्या जागी आपण असतो तर आपल्यालाही वकील आठवला असता हे त्याला पटत होतं. कोकणात कोण कोणाच्या जमिनीवर कधी कूळ म्हणून लागलं आणि मग ती जमीन कशी गेली, या गोष्टी प्रत्येक घरात झोपताना मुलांना सांगतात. संदेशलाही सांगितल्या असतील. कदाचित सगुणानेच, काशीच्या देखत.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. जायलाच पाहिजे असं काही नव्हतं. तो गेला. हातखंब्याच्या पुढे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कातळावरचं गवत पिवळं पडून झोपलं होतं आणि हवेत काजूच्या मोहोराचा वास सुरू झाला होता. गाडी चालवताना आपण तिथे जाऊन काय म्हणणार याची वाक्यं तो जुळवत होता. काकी, माझं चुकलं. नको, लगेच नको. काकी, मी त्यांच्याशी परत बोलतो. परत बोलतो! त्याला स्वतःचीच लाज वाटली. त्याऐवजी त्याला आपली आई दिसायला लागली. त्याचं घर केळशीचं, बंदराजवळचं. आई हिरा, मासे विकणारी. पाटी खाली ठेवताना ती असा आवाज काढायची की गिऱ्हाईक आधीच अर्धं गार व्हायचं. काही वर्षांपूर्वीच्या वादळात त्यांच्याही घराचे पत्रे उडाले, आणि मग एक दिवस गळ्यात ओळखपत्र घातलेला एक मुलगा आला. सर्वेशपेक्षाही लहान असेल. आणि त्याची आई, जी व्यापाऱ्याला तोंडावर चोर म्हणायची, ती पदर दोन्ही खांद्यांवरून घेऊन उभी राहिली आणि बारीक आवाजात म्हणाली, साहेब, बघा काय जमतंय का. आणि सर्वेशला म्हणाली, उठ, साहेबांना खुर्ची दे. त्याने खुर्ची दिली होती. त्या मुलाने ती पुसून घेतली होती. त्यानंतर वर्षभरात सर्वेशने ही नोकरी धरली. लोकांना सांगताना तो म्हणायचा, आपल्या लोकांसाठी काहीतरी करावंसं वाटलं. ते खरंच होतं. पण आईसारखं उभं राहायला लागू नये, खुर्ची आपल्याकडे यावी, हेही होतं, आणि पालीच्या बाजारातून गाडी वळवताना पहिल्यांदाच त्याने ते स्वतःशी सरळ कबूल केलं. कबूल केल्याने बरं वाटतं म्हणतात. त्याला वाटलं नाही.

वाडीत शिरल्यावर आधी ते वरचं घर लागलं. दाराला नवं पिवळंधमक कुलूप होतं. पडवी मोकळी, दोरीवर काही नाही. दिवस चांगला वर आला होता तरी खिडकीच्या फटीतून आत एक तांबूस ठिपका दिसत होता. काळोखी खोलीत त्या बल्बला अजून रात्रच वाटत असणार. सर्वेश तिथे उगाच थोडा थांबला. मग गडग्याच्या फटीतून खाली उतरला.

खालच्या दारातलं गवत काढलेलं होतं. हे त्याला आधी दिसलं. खळं ताजं सारवलेलं, अजून ओलं, तुळशीपुढे चार रांगोळीचे ठिपके, दोरीवर दोन लुगडी, खुराडं भिंतीशी, आणि ताडपत्रीच्या कडेने धूर बाहेर येत होता. कोणीही बघावं आणि म्हणावं, हो, इथे माणूस राहतं. खाकरायच्या आधीच काशीकाकी बाहेर आली. तिने चांगलं लुगडं नेसलं होतं, जांभळं, घडीच्या रेषा अजून न मोडलेल्या. "आलात?" ती म्हणाली. "माला वाटलाच, याल. तुमाला रविवारची सुट्टी असंल." तिच्या आवाजात रडणं नव्हतं की गोडवाही नव्हता. सर्वेशने गाडीवर जुळवलेलं पहिलं वाक्य तोंडात घेतलं, "काकी, माझं..." तिने हात वर केला.

"माला येकच सांगा. मी तुमाला बोल्ले होते ना, मुंबयला कलवू नका?"

"हो."

"मंग?"

त्याच्याकडे साहेबांनी सांगितलेलं पत्र होतं, नियम होता, तिच्या भल्याचं होतं, एवढं सगळं होतं, आणि तिच्या त्या 'मंग'पुढे ठेवण्यासारखं त्यातलं एकही नव्हतं. तिने खरोखरच उत्तराची वाट बघितली, मग तो विषय उचलून बाजूला ठेवला. "सगुणाचा पोर," ती म्हणाली. "त्याचा शेंबूड म्या पुसलाय. माज्या हातातनं चावी घेताना तो असा खाली बघत होता, माला त्याचीच दया आली. बोल्ला, काकी, तुला त्रास नको. मी बोल्ले, बाबा, त्रास असता तर आदी सांगितला असता. मंग तो बटनाचा दिवा दाखिवलान. बोल्लान, बघ, आपोआप. मी बोल्ले, बरा हाय." तिने वरच्या घराकडे बघितलं. "बरा हाय बोल्ले मी. दुसरं काय बोलायचं? तिनीसांजा झाल्या की माजे पाय चालायला लागतात. त्या गडग्यापरयंत जातंय नि परत येतंय. येड्यासारकं." मग तिने पदराने नाक पुसलं आणि आवाज बदलला, कामाचा केला. "ता जाऊ दे. आता मी माज्या घरात ऱ्हातंय. ह्या ऱ्हातं घर हाय का नाय? बगा, नि लिवा."

ती हुशार होती. त्याच्या हातून जे मोडलं त्याच्यातून तिने स्वतःपुरता जो तुकडा कामाला येईल तो उचलला होता. सर्वेशला क्षणभर हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लगेच शरमही वाटली. कारण आता नियमात सगळं बसत होतं. पत्र नको, संदेश नको. घर तिच्या नावावर, चूल पेटलेली, माणूस राहतंय. त्याने फोन काढला, अर्ज उघडला. मग त्याने मान वर करून घराकडे बघितलं, नीट, जसं तो कुठल्याही घराकडे बघतो तसं. मोडलेलं छप्पर एका बाजूला बसलेलं होतं आणि त्याच्या वजनाने मागची भिंत आतल्या अंगाला पोट काढून उभी होती. भिंतीत वरून खाली एक भेग गेलेली, हाताची चार बोटं जातील एवढी, आणि भेगेतून पलीकडची केळ दिसत होती. अर्जात त्यासाठीही एक प्रश्न होता. घर राहण्यास धोकादायक आहे का? हो म्हटलं की वरचे लोक घर सोडायला सांगतात. सोडलं की ते राहतं राहत नाही. याआधी दोन रकान्यांची अशी गाठ पडली की तो साहेबांना फोन करायचा.

"किती दीस ऱ्हायला लागंल हितं?" काशीकाकीने विचारलं.

"तपासणी होईपर्यंत."

"ती कंदी?"

त्याला माहीत होतं. आधीच्या वाड्यांची तपासणी अजून झाली नव्हती. लवकर झाली तर शिमग्याच्या सुमाराला, नाहीतर पुढचा पाऊस उभा राहील, आणि भिजलेली मातीची भिंत काय करते हे त्याला कोणी सांगायला नको होतं. "लवकर करायला सांगतो मी," तो म्हणाला. सांगतो म्हणताना त्याला आपलाच आवाज कळला, तोच तो, सगळं जमवून आणणारा, आणि त्याने घाईने पुढे म्हटलं, "काकी, तोवर तुमच्या मुलीकडे नाही का जाता येणार? लांज्याला दिलीय ना ती, तुम्हीच म्हणाला होतात?"

"गेले तर मंग तुमी काय लिवणार?"

"बंद घर."

"मंग?" ती म्हणाली. या वेळचा 'मंग' मवाळ होता. मुलाला शिकवताना म्हणतात तसा. त्याला वाटलं ओरडून सांगावं, जा, लांज्याला जा, नको हे अनुदान, नको ते घर, भिंत अंगावर येईल तुमच्या. हे सांगणं खरं होतं. पण ते सांगायचं तर घराचा प्रश्न कायमचा संपवायचा, आणि तिने परत पडवीतच राहायचं, या वेळी लेकीच्या. ती काही तिथे जाणार नाही, हे तिच्या जांभळ्या लुगड्यावरूनच दिसत होतं. आणि नाही सांगायचं तर त्याच्या बोटाने तिला या भिंतीखाली झोपवायचं. त्याला काहीच करता येईना. फोन हातात होता. आयुष्यात पहिल्यांदा, कोणालाही लावला तरी पलीकडून तेच उत्तर येणार आहे, हे त्याला कळत होतं.

"चुलीचा फोटू लागतो ना तुमाला?" ती म्हणाली. "आत या. चाय पन ठेवलाय."

तो उंबऱ्याशी थबकला. आत दोन पावलांवर चूल होती, त्यावर टोप, जाळ स्वच्छ. चुलीच्या एका बाजूला मोडकी, पोट काढलेली भिंत, दुसऱ्या बाजूला रस्त्याकडची सरळ भिंत. मोडक्या भिंतीच्या पायथ्याशी तिची वळकटी. "तिथे झोपता?" त्याने विचारलं. "हा. त्या अंगाला ताडपत्री फाटलीय, रातचं दंव गळतंय. ह्या अंगाला सुका असतंय." तिला त्यात काही वेगळं वाटत नव्हतं. त्याचे पाय मात्र उचलेनात. जी जागा तो तिच्यासाठी 'राहण्यास योग्य' म्हणून आता लिहिणार होता तिच्यात चहा पिण्यापुरतंही शिरायला त्याचं शरीर तयार नव्हतं. तिने वळून बघितलं. त्याचे डोळे कुठे लागलेत ते तिला कळलं, आणि ती रागावली नाही की हसली नाही. तिने चुलीपाशी ठेवलेला पाट उचलला आणि खोलीच्या त्या टोकाला, सरळ भिंतीला लावून मांडला. पदराने वरून एकदा झटकला.

"तुमी हितं बसा," ती म्हणाली. "ही भित बरी हाय."

सर्वेश आत गेला आणि त्या पाटावर बसला. तिने त्याच्या हातात कप दिला. मग आपला कप घेऊन ती समोरच्या भिंतीला पाठ लावून वळकटीवर बसली, आणि चहा निवायच्या आत घ्या म्हणाली.